बिघाडाचं ताट

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अक्षराची नोकरी गेली. तिच्या हातात एक कागद, कंपनीचं नाव असलेली पाण्याची बाटली आणि टेबलावरची कुंडी देण्यात आली. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं, तेवढंच एक त्या कचेरीत सदैव हिरवं राहिलेलं.

पण हे आपण ऐकलेलं नाही. सोमवार अजून लांब आहे. आज बुधवार, आयुधपूजा, अक्षराची नोकरी शाबूत आहे, आणि बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या 'विठोजी राव अँड सन्स, तराजू दुरुस्ती' या दुकानात कोहळा कोणी फोडायचा यावरून सकाळी साडेनऊलाच दोन पक्ष पडलेत.

एक पक्ष अप्पांचा, म्हणजे अक्षराच्या वडिलांचा. हे अरविंदराव दुकान चालवतात, तेव्हा कोहळाही त्यांनीच फोडावा असं ते स्वतःच म्हणत होते. दुसरा पक्ष त्यांच्या धाकट्या भावाचा, विराजकाकाचा. तो एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, जे. पी. नगरला राहणारा. वर्षातून एकदाच दुकानात येतो, म्हणून त्या एका दिवशी तरी मान मिळावा असं त्याचं म्हणणं. गोजराबाईंनी, म्हणजे या दोघांच्या आईने आणि दुकानाच्या खऱ्या मालकिणीने, जागेवरूनच निकाल दिला.

"अभिराज फोडेल. तुम्हा दोघांचे गुडघे गेलेत."

अभिराज हा विराजकाकाचा मुलगा. वय बावीस, वजन ब्याण्णव किलो, तोंडात चुरमुरे. त्याने कोहळा रस्त्यावर असा आपटला की शेजारच्या रिक्षाच्या झेंडूच्या माळेत बिया जाऊन बसल्या. रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प हळू, गुरू." मग त्यानेही चुरमुरे घेतले.

आत लाल कापडावर हत्यारं मांडली होती. पितळी वजनांची उतरंड, कानशी, चिमटे, वस्तू पकडून धरायचा शेगडा, कल्लाप्पाचा चष्मा. कल्लाप्पा या दुकानात चाळीस वर्षं कारागीर आहे, आणि चष्मा हे आपलं मुख्य हत्यार असल्याचं तो सांगतो. पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी त्याला काही दिसत नाही आणि तो सगळ्यांना अंदाजाने नमस्कार करतो.

हत्यारांच्या पुढे, देवाच्या अगदी जवळ, एक मोठं पितळी ताट होतं. रिकामं. मुख्य पूजा त्याची.

ते ताट अक्षराच्या पणजोबांनी, विठोजींनी सुरू केलं. दुकान काढलं त्याच वर्षी त्यांनी एका सोनाराचा काटा दुरुस्त करून दिला, आणि चार महिन्यांनी दाढी करताना त्यांच्या लक्षात आलं की दांडी जिच्यावर तोलते ती मधली पोलादी धार आपण उलटी बसवली. ते अर्धी दाढी तशीच ठेवून सोनाराकडे गेले आणि काटा परत घेऊन आले. दुकानात त्यांचा फोटो आहे, तोही एकाच बाजूने काढलेला. त्या वर्षीच्या पूजेत त्यांनी ती धार सगळ्या हत्यारांच्या पुढे ठेवली आणि म्हणाले, यंदा मला सगळ्यात जास्त हिनेच शिकवलं, पहिलं कुंकू हिला. तेव्हापासून दुकानातला प्रत्येक जण वर्षभरात आपल्या हातून जे बिघडलं ते ताटात ठेवतो आणि कसं बिघडलं ते सांगतो. ऐकणाऱ्यांनी हसायला हरकत नाही, पण 'का केलंस' असं विचारायचं नाही. गोजराबाई कुंकू लावतात, कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणतात, आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम त्या बिघाडाचं. मग तो विषय पुन्हा कधी काढायचा नाही, अगदी भांडणातसुद्धा.

एका वर्षी कल्लाप्पाकडे ठेवायला काहीच नव्हतं. संक्रांतीपर्यंत त्याच्याशी कोणी मोकळेपणी बोललं नाही. वर्षभर काम करून काहीच बिघडलं नाही म्हणजे हा माणूस काहीतरी लपवतोय, असं सगळ्यांचं मत पडलं. शेवटी संक्रांतीला त्याला आपण वाकवलेली एक स्प्रिंग सापडली तेव्हा गोजराबाईंनी त्याला घरी बोलावून ओबट्टू, म्हणजे इथली पुरणपोळी, वाढली.

अशा दुकानात लहानाची मोठी झालेली अक्षरा गेली दीड वर्षं एचएसआर लेआउटमधल्या एका नव्या कंपनीत काम करत होती. कंपनी तान्ह्या बाळांचे वजनकाटे बनवायची. छोट्या गावांतल्या दवाखान्यांसाठी, बॅटरीवर चालणारे, दिसायला सुबक. नोकरी लागली ती विराजकाकाच्या शब्दावर, त्याचा कॉलेजमधला मित्र सुमंत तिथे वरच्या जागेवर होता म्हणून. त्याबद्दल अक्षराला मनापासून कृतज्ञता होती, आणि आज तीच कृतज्ञता तिला जड झाली होती.

त्या कचेरीत भिंतभर संगणकाचा एक पडदा होता. त्यावर प्रत्येकाच्या नावाचा चौकोन. काम झालं की चौकोन हिरवा, अडलं की लाल. लाल झालेल्याने चौदा जणांसमोर उभं राहून का अडलं ते वीस मिनिटं सांगायचं. त्या बैठकीचं नाव 'शिकण्याची संधी' असं होतं. अनुषा नावाच्या मुलीला ही संधी लागोपाठ दोनदा मिळाली आणि तिसऱ्या आठवड्यात ती मैसूरला आईकडे विश्रांतीला गेली, ती अजून विश्रांतीच घेते आहे. त्यानंतर पडदा लाल झाला नाही.

कोणी कोणाला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. हे अक्षराने मनात कितीदा तरी तपासून पाहिलं. तिचा टीम लीड श्रीरंग फक्त संध्याकाळी खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "होईल ना गं आज हिरवं?" अगदी प्रेमाने.

वजनकाटा पाठवण्याआधी तो अर्धा तास गरम कपाटात ठेवून तपासायचा असतो, कारण दवाखाने काही सगळे बेंगळुरूच्या हवेत नसतात. अक्षराने तीन काटे तपासले. तिसरा गरम झाल्यावर चाळीस ग्रॅम जास्त दाखवायला लागला. चौथा ठेवायच्या आत कपाटच बंद पडलं. कपाट बिघडलंय असं कळवलं तर खरेदी विभागाचा चौकोन लाल झाला असता, म्हणून कपाट चालू असल्याची नोंद झाली. कपाट चालू म्हटल्यावर तपासणीला उशीर व्हायचं कारण राहिलं नाही. त्या संध्याकाळी अक्षराने दोनशे ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीत 'तपासलं, ठीक'. शुक्रवारी तिला 'हिरवा तारा' मिळाला, चौथ्यांदा. काचेचा, तळहाताएवढा.

दोनशे काट्यांची गाडी विजयादशमीच्या मुहूर्तावर, म्हणजे उद्या पहाटे सहाला निघणार होती. चाळीस ग्रॅम जास्त दाखवणारा तो तिसरा काटा अक्षराच्या पिशवीत होता. पिशवी तिच्या पायाशी होती. आणि काचेचा तारा हत्यारांच्या मधोमध, कारण स्मृतीकाकूने, विराजकाकाच्या बायकोने, तो शिकेकाईने घासून आपल्या हाताने तिथे ठेवला होता.

"आमच्या अक्षराचं हत्यार," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "हिची कधी चूकच होत नाही."

हे ऐकून कल्लाप्पाने, चष्म्याविना, अक्षराच्या दिशेने काळजीने पाहिलं.

अक्षराने विराजकाकाला मागच्या मोरीपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. काकाने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. तो चिडला नाही. त्याने तिला समजावलं की बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने असे किती हिरवे चौकोन पाहिलेत, नंतर सगळं आपोआप निस्तरतं, दवाखान्यांच्या तक्रारी आल्या की काटे बदलून देतात, त्यासाठी वेगळा विभागच असतो. शिवाय सुमंतला काय तोंड दाखवायचं.

"आणि चाळीस ग्रॅम म्हणजे काय गं," तो म्हणाला. "अर्धा वडा."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. श्रीरंग आला होता.

त्याला विराजकाकानेच बोलावलं होतं, पुतणीच्या साहेबाला घरची परंपरा दाखवावी म्हणून. श्रीरंग पुण्याहून चार वर्षांपूर्वी आलेला, सदाशिव पेठेतला नसल्याचं सुरुवातीलाच सांगून टाकणारा. आयुधपूजेला सगळे आपापलं हत्यार आणतात एवढंच त्याला कळलं होतं, त्यामुळे तो लॅपटॉप घेऊन आला होता. गोजराबाईंनी तो शेगड्याशेजारी ठेवला, वर झेंडूचा हार घातला आणि अक्षता टाकल्या. श्रीरंगने फोटो काढला. "एकदम ऑथेंटिक आहे हे, आजी," तो म्हणाला. अक्षराने त्याला "श्रीरंग, तू चुरमुरे घे," म्हटलं तेव्हा साहेबाला एकेरी हाक मारलेली ऐकून गोजराबाईंनी विठोजींच्या फोटोकडे पाहिलं. फोटो दुसरीकडे पाहत होता.

आरती झाली आणि ताट सुरू झालं.

पहिले अप्पा. त्यांनी एक कुलूप ठेवलं. पावसाळ्यात दुकान बंद करून ते घरी गेले तेव्हा एक गिऱ्हाईक आतच राहिलं होतं. गिऱ्हाइकाने आत बसून स्वतःचा काटा स्वतःच दुरुस्त केला, आणि तो अजून नीट चालतोय याचं अप्पांना जास्त लागलं होतं. सगळे हसले. कुंकू, "सरी".

कल्लाप्पाने चाचपडत खिशातून एक गंजकी कडी काढली. भाजीवाल्याच्या तराजूत नव्याऐवजी जुनीच कडी परत बसवली, नवी खिशात राहिली, आठ दिवसांनी बायकोने धुण्यातून काढून दिली. "अम्मा, मी त्याच दिवशी जाऊन बदलली," तो म्हणाला. "पण आठ दिवस त्याचं गिऱ्हाईक फसलं." इतक्या सहज बोलला, जणू काल पाऊस पडला असं सांगत होता. कुंकू, "सरी".

श्रीरंग फोटो काढायचा थांबला होता.

"आणखी कोणी?" गोजराबाईंनी विचारलं. हे त्या तीनदा विचारतात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा अक्षराला कळलं की आपला पाय पिशवीला घट्ट चिकटलाय. आपण लहान असताना या ताटात फुटकी पाटी, हरवलेलं छत्रीचं टोपण, गणितात मिळालेले अकरा गुण ठेवलेले तिला आठवले. कोणीही, कधीही, एकदाही त्यावरून बोललं नव्हतं. एवढं मोठं काहीतरी आपल्याला फुकट मिळालं होतं आणि आपण ते पडद्यावरच्या एका चौकोनापायी सोडून आलो.

"आणखी कोणी?" तिसऱ्यांदा.

अक्षरा उठली. तिने हत्यारांमधून काचेचा तारा उचलला आणि ताटात ठेवला.

"अगं, तो इकडे नाही," स्मृतीकाकू म्हणाली. "ते बिघडलेल्यांचं."

"हो, काकू. म्हणूनच."

मग तिने पिशवीतला काटा काढून ताटाशेजारी ठेवला आणि सांगितलं. तीन तपासले, दोनशे लिहिले, उद्या पहाटे गाडी निघते. कपाटाचं सांगितलं, चाळीस ग्रॅमचं सांगितलं. श्रीरंगचं नाव घेतलं नाही. दुकानातला नियम स्वतःच्या बिघाडाचा होता.

का केलंस असं कोणी विचारलं नाही. गोजराबाईंनी कुंकवात बोट बुडवलं.

"आई, थांब," विराजकाका म्हणाला. त्याचं म्हणणं असं की ही काही कडी किंवा कुलूप नव्हे, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. सगळ्यांनी हे ऐकलंच नाही असं समजावं, श्रीरंगरावांनीही. आणि चाळीस ग्रॅम म्हणजे फार तर...

"अर्धा वडा म्हणू नकोस," स्मृतीकाकू म्हणाली.

काकू सहसा नवऱ्याला मध्येच तोडत नाही. ती जोरात बोललीही नाही. तिने अभिराजकडे बोट दाखवलं.

"हा सातव्या महिन्यात झाला. चौदाशे ग्रॅम. रोज सकाळी सिस्टर वजन करायची आणि तू इथे दुकानाच्या कॅलेंडरवर लिहायचास. एक दिवस पस्तीस ग्रॅम कमी भरला म्हणून त्यांनी धावपळ करून नळीने दूध सुरू केलं. काटा तापून त्या दिवशी चाळीस जास्त सांगत असता, तर वाढलाय असं समजून आपण पेढे वाटले असते."

ब्याण्णव किलोंचा अभिराज चुरमुरे चावायचा थांबला. तो असा थांबलेला घरात फारसा कोणी पाहिला नव्हता.

विराजकाकाने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे पाहिलं. कॅलेंडर दरवर्षी बदललं, पण खिळा तोच होता.

"सुमंतला मी सांगतो," तो म्हणाला. "शब्द मी टाकला होता, मीच उचलतो. आई, लाव कुंकू."

"सरी," गोजराबाई म्हणाल्या, आणि ताऱ्याला कुंकू लागलं. हिरव्या काचेवर ते फार उठून दिसलं.

आता गाडी थांबवायची. आणि इथे नवीच अडचण आली. रवानगी थांबवण्याचा अधिकार फक्त टीम लीडला होता, ती यंत्रणा फक्त कंपनीच्या लॅपटॉपवर उघडायची, आणि लॅपटॉप शेगड्याशेजारी हार घालून बसला होता. पूजेतल्या हत्याराला उद्या सकाळी नऊला देव उठवेपर्यंत हात लावायचा नाही. गाडी सहाला निघणार. चाळीस वर्षं आंधळा नमस्कार करणाऱ्या कल्लाप्पासमोर नियम मोडायची कोणाची टाप नव्हती.

सगळे गोजराबाईंकडे पाहू लागले. त्यांनी थोडा विचार केला.

"हत्याराला हात लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "ताटातल्या बिघाडाला येतो. त्याला हत्यार कोण म्हणेल?"

म्हणजे लॅपटॉप ताटात यायला हवा होता. आणि ताटात वस्तू आणायची तर ज्याची त्यानेच, कसं बिघडलं ते सांगून.

श्रीरंग दाराजवळ उभा होता. त्याची मोटरसायकल अगदी समोर होती, तिलाही कोणीतरी हार घातलेला. त्याला जायचं असतं तर कोणी अडवलं नसतं. त्याने मोबाइल खिशात ठेवला, बूट काढायचे राहिले होते ते काढले, आणि पुढे येऊन हारासकट लॅपटॉप उचलला.

"ॲक्च्युअली," तो म्हणाला आणि लॅपटॉप ताटात ठेवला. मग पुन्हा सुरू केलं. "अक्षराने लिहिलेल्या यादीवर माझी सही आहे. मी न वाचता सही केली असं सांगणार होतो. पण वाचली होती. दोनशे ओळींत एकच वाक्य होतं, मी ते दोनशे वेळा वाचलं. कपाट बंद आहे हे मला ठाऊक होतं. अनुषा गेली तेव्हाही मला ठाऊक होतं की तिचंच बरोबर होतं."

तो थांबला. चौदा जणांसमोर उभं असल्यासारखे त्याचे खांदे वर चढले होते. पुढचा प्रश्न कोण विचारतंय म्हणून त्याने सगळ्यांकडे पाहिलं. गोजराबाईंनी लॅपटॉपला कुंकू लावलं.

"सरी."

"एवढंच?" श्रीरंगने विचारलं.

"एवढंच," कल्लाप्पा त्याच्या थोडं डावीकडे पाहत म्हणाला. "चुरमुरे घेतले का तुम्ही?"

श्रीरंगचे डोळे भरून आले ते त्याने धुपावर ढकललं. सगळ्यांनी ते मान्य केलं आणि धूप बाजूला सरकवला.

लॅपटॉप ताटातच उघडला. एका बटणाच्या फटीत अक्षत अडकली होती. चिमटा पूजेत असल्यामुळे स्मृतीकाकूने केसांतली पिन काढून दिली. श्रीरंगने कारण लिहिलं, अक्षराने खाली आपलं नाव घातलं. तिचं नाव गाळावं असं तो म्हणत होता, पण तिने त्याचा हात बाजूला केला. बटण दाबल्यावर दोघांचे चौकोन लाल झाले.

"लाल कसा दिसतो विसरलोच होतो," श्रीरंग म्हणाला.

"शुभ रंग आहे," गोजराबाई म्हणाल्या आणि पंचपाळं आवरायला लागल्या.

गुरुवारी सकाळी नऊला देव उठवले आणि नियमाप्रमाणे पहिलं काम बिघाडाचं निघालं. श्रीरंगने भाड्याच्या टेम्पोतून तीन खेपांत बाकीचे एकशे नव्याण्णव काटे शिवाजीनगरात आणून टाकले. परवानगी कोणाची घेतली हे कोणी विचारलं नाही, तो चौकोन कोणाच्याच नावाचा नव्हता. गरम कपाट म्हणून दुकानाचा पत्र्याचा माळा होता. अभिराज काटे वर-खाली करत होता, अप्पा आणि कल्लाप्पा पितळी वजनं ठेवत होते, आणि विराजकाका, सुट्टी टाकून, खाली बसून कॅलेंडरच्या मागे ग्रॅम लिहीत होता. रविवारी दुपारपर्यंत आकडा लागला. दोनशेपैकी एकतीस काटे खोटं बोलत होते.

अक्षराने त्या दिवशी सगळ्यांचे आभार मानायचं ठरवलं होतं. काकूचे पिनेबद्दल, काकाचे शब्द उचलल्याबद्दल, कल्लाप्पाचे त्या गंजक्या कडीबद्दल. पण तो विषय आता काढायचा नसतो. म्हणून तिने सगळ्यांसाठी आठ कप कॉफी केली आणि साखर घालायला विसरली. सगळ्यांनी ती तशीच प्यायली. कल्लाप्पा फक्त म्हणाला, पुढच्या वर्षीची तुझी सोय झाली.

सोमवारी काय झालं ते आपण ऐकलेलं नाहीच. तरीही कोणी विचारलं तर एवढं सांगता येईल की सदोष काटे परत घेतल्याबद्दल कंपनीने स्वतःचं अभिनंदन केलं, श्रीरंगला नव्या संस्कृती समितीचा अध्यक्ष नेमलं, ज्या समितीत तो एकटाच आहे, आणि अक्षराची जागा पुनर्रचनेत विरघळली. तिने तसं घरी फोन करून कळवलं तेव्हा गोजराबाईंनी दुकानात दुसरं स्टूल लावायला सांगितलं आणि येताना मोठ्या कानशी घेऊन ये म्हणाल्या.

निघण्याआधी तिला संगणकावर एक अर्ज भरावा लागला. शेवटचा रकाना होता 'कंपनीस काही विनंती असल्यास'. अक्षराने प्लास्टिकचं झाड मांडीवर घेतलं आणि लिहिलं:

'कचेरीतील पडद्यासमोर एक पितळी ताट, व्यास अंदाजे दीड फूट, कायमस्वरूपी ठेवण्यास मंजुरी मिळावी. सदर ताटात वस्तू ठेवणाऱ्यास कोणीही कारण विचारू नये. ताट सलग तीस दिवस रिकामे आढळल्यास संबंधित वरिष्ठांची चौकशी व्हावी. कुंकवाचा पुरवठा अर्जदार आजन्म विनामूल्य करील. तसेच श्रीमती अनुषा यांना मैसूरहून सन्मानाने परत बोलावून पहिले कुंकू त्यांच्या हस्ते लावण्यात यावे, ही नम्र विनंती. कळावे.'